पडद्यावरचा पाटील, माणसांतले निळूभाऊ

निळू फुले दिसले की खेड्यातल्या बायका त्यांना तोंडावर शिव्या घालत. पडद्यावर सुनेला छळणारा, जमिनी गिळणारा हाच तो मेला, याविषयी त्यांना शंका नसे. नटाला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

फुले पडद्यावर फारसे ओरडत नसत. मान किंचित तिरकी, डोळे अर्धवट मिटलेले, आवाज घोगरा आणि बोलणं संथ. समोरच्याला आधी पुरतं बोलू द्यायचं, मग सावकाश त्याचा काटा काढायचा. असा सरपंच, असा चेअरमन कोल्हापूरपासून यवतमाळ जिल्ह्यात वणी तालुक्यातल्या राजूरपर्यंत प्रत्येकाच्या ओळखीचा होता. म्हणून तर त्याची धास्ती वाटायची.

पुण्यात माळीकाम करणारा हा तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने नाव झालं आणि 1968 मध्ये अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा त्यांच्याकडे आला.

पण त्यांची खरी ताकद बघावी ती जब्बार पटेलांच्या 'सामना'त. दारूच्या नशेत पडलेल्या मास्तरला हिंदुराव धोंडे पाटील उचलून घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. तो मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारत राहतो आणि या सहकारसम्राटाचा दरारा हळूहळू ढासळत जातो. फुल्यांनी त्या खुनशी माणसाचा एकटेपणाही दाखवला, हे विलक्षण आहे. 1975 मध्ये हा चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

रंगभूमीवर ते तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर झाले. 'सिंहासन'मध्ये (1979) तर सत्तेचा खेळ बघून खचत जाणारा पत्रकार दिगू टिपणीस. पाटीलकीचा मागमूसही नाही! 'सारांश' आणि 'मशाल'मुळे हिंदी प्रेक्षकांनाही ते ठाऊक झाले, पण हिंदीने त्यांना पुरेसं वापरलं नाही.

पडद्याबाहेर हा माणूस अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होता. लागूंसोबत त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्यासाठी नामवंत कलावंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले; पैसा जमला तो चळवळीत आयुष्य घातलेल्या कार्यकर्त्यांसाठी.

13 जुलै 2009 रोजी ते गेले. त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी 'गोष्ट छोटी डोंगराएवढी'चा विषय होता शेतकऱ्यांच्या आत्महत्या, म्हणजे यवतमाळसारख्या जिल्ह्यांचं दुखणं.