कंपनीचा संगणक की जुळणीचा संगणक?

भाषेच्या अभ्यासकाला आज संगणकावाचून काम करता येत नाही, हे आता सिद्ध करीत बसण्याचे कारण उरलेले नाही. परंतु घरी ठेवावयाचा संगणक कंपनीने तयार केलेला घ्यावा, की सुटे भाग निवडून जुळवून घ्यावा, ह्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार आपल्याकडे क्वचितच होतो. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हाती येताच विद्यार्थी एखाद्या मित्राच्या वा दुकानदाराच्या सल्ल्याने निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचे बरेवाईट परिणाम प्रबंध पूर्ण होईपर्यंत त्याला सोबत करतात. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाची मांडणी पदव्युत्तर विद्यार्थी व अध्यापक ह्यांच्या गरजांच्या दृष्टीने करावयाची आहे.

प्रारंभीच विषयाची मर्यादा सांगितलेली बरी. लॅपटॉप हा व्यवहारतः तयारच घ्यावा लागतो. त्याचे भाग निवडून जुळवून देण्याची सोय सामान्य ग्राहकाला नसते. तेव्हा निवडीचा हा प्रश्न मुख्यतः मेजावर ठेवावयाच्या संगणकापुरता आहे.

१. दोन शब्दप्रयोग

कोल्हापूरच्या बाजारात ह्या दोन प्रकारांना ‘कंपनीचा’ आणि ‘असेंबल केलेला’ असे म्हणतात. ह्या शब्दप्रयोगांकडे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या प्रयोगात षष्ठी विभक्ती आहे. यंत्र कोणाचे, हे नावातच सांगितलेले आहे. दुसऱ्या प्रयोगात कर्मणी कृदन्त आहे. क्रिया झाली एवढे कळते, पण ती कोणी केली हे कळत नाही. कर्ता अध्याहृत राहतो.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. संगणक बिघडला म्हणजे ग्राहकाला प्रथम ज्या प्रश्नाचे उत्तर हवे असते, तो प्रश्न ह्या अध्याहृत कर्त्याचाच असतो. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, पॉवर सप्लाय तिसरीचा. प्रत्येक भागाची हमी स्वतंत्र असते, पण ते भाग एकत्र नीट चालतील ह्याची हमी कोणाची? किंमत, वेग, देखणेपणा ह्या गोष्टींची चर्चा पुष्कळ होते. माझ्या मते निवडीचा खरा निकष हा जबाबदारीचा आहे.

‘जुळणी’ हा शब्द मी येथे हेतुतः वापरीत आहे. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्यास आपण जुळारी म्हणत असू. जुळाऱ्याचे काम संपले म्हणजे मजकूर लगेच छापला जात नसे. मुद्रित काढून ते दुसऱ्याने तपासावे लागे. संगणकाच्या जुळणीतही ही तपासणीची पायरी असते. कंपनी ती कारखान्यात पार पाडते. दुकानात जुळविलेल्या संगणकाच्या बाबतीत मात्र ती पार पडली आहे की नाही, हे ग्राहकाला विचारून घ्यावे लागते.

२. सुटे भाग जुळू कसे लागले?

सुटे भाग निवडून संगणक जुळविता येतो, ह्याचे मूळ १९८१ साली आयबीएमने काढलेल्या वैयक्तिक संगणकाच्या रचनेत आहे. हा संगणक बाजारात उपलब्ध असलेल्या भागांपासून बनविला होता आणि त्याच्या रचनेचा तपशीलही कंपनीने प्रसिद्ध केला होता. त्यामुळे थोड्याच काळात इतर कंपन्यांनी त्याच्याशी सुसंगत संगणक काढले. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हा नमुना प्रसृत केला आणि मदरबोर्ड, कॅबिनेट व पॉवर सप्लाय ह्यांच्या मापांत एकवाक्यता आली. आज एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो, तो ह्या नमुन्यामुळे. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आणि १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने सुट्या भागांची आयात सुलभ केली, आणि जुळणीचा व्यवसाय गावोगावी पसरला.

मराठीच्या अभ्यासकाला ह्या इतिहासातील आणखी एक टप्पा माहीत असावा. त्या काळी सामान्य संगणकावर देवनागरी लिहिता यावी म्हणून संगणक उघडून त्यात जिस्ट नावाचे स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. हे तंत्र कानपूरच्या आयआयटीत विकसित झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सीडॅक ह्या संस्थेने त्याचा प्रसार केला. म्हणजे, कोणते कार्ड बसू शकते हे पाहिल्याखेरीज मराठीचे काम करता येत नसे. युनिकोडचा स्वीकार झाल्यावर आणि विंडोज २००० पासून देवनागरीची सोय प्रणालीतच अंतर्भूत झाल्यावर ही अडचण संपली. आज मराठी लिहिण्यापुरते दोन्ही प्रकारचे संगणक सारखेच आहेत.

यंत्र स्वतः घडविण्याची परंपरा कोल्हापूरला नवी नाही. आनंदराव व बाबूराव पेंटर ह्या बंधूंनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः तयार करण्याचा उद्योग आरंभिला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाल्यावर बाबूरावांनी दामले ह्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तो पूर्णत्वास नेला. १९२० साली ‘सैरंध्री’ हा त्यांचा मूकपट प्रकाशात आला. ह्या उदाहरणात घडविणारा आणि वापरणारा एकच होता. यंत्र बिघडल्यास कोणाकडे जावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. आपण दुकानात संगणक जुळवून घेतो तेव्हा ही स्थिती नसते, हे विसरता कामा नये.

३. आपल्या कामाला किती शक्ती लागते?

निर्णयापूर्वी थोडा हिशेब करणे इष्ट आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. ‘कोल्हापूर’ ह्या शब्दात स्वरचिन्हे व हलन्त धरून ९ चिन्हे आहेत. तो २७ बाइट घेतो. सोयीसाठी एका शब्दात सरासरी ६ चिन्हे व त्यानंतर एक मोकळी जागा धरली, तर १ कोटी शब्दांच्या संग्रहाला सुमारे १९० एमबी पुरतात. मराठी वाङ्मयाचा बराच मोठा संग्रह कोणत्याही साध्या संगणकात सुखाने राहू शकतो.

ध्वनिमुद्रणाचा हिशेब असा. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, ह्या मापाने एकेरी मुद्रण केल्यास एका तासाला सुमारे ५१८ एमबी लागतात. चंदगड किंवा आजरा तालुक्यातील बोलीचे १०० तासांचे मुद्रण सुमारे ५२ जीबी होईल. १ टीबीच्या डिस्कवर अशी १,९०० तासांहून अधिक मुद्रणे मावतील. ध्वनिविश्लेषणासाठी प्रात आणि टिप्पणीसाठी ईलॅन ही जी साधने आपण वापरतो, ती विनामूल्य आहेत व मध्यम प्रतीच्या संगणकावर चालतात. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला कोणताही चालू पिढीचा संगणक ह्या कामास पुरेसा आहे.

तेव्हा संहितेचे संपादन, शब्दसूची, ध्वनिविश्लेषण आणि प्रबंधलेखन एवढेच काम असेल, तर अधिक वेगासाठी अधिक खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

अपवाद आहे तो यंत्राकडून लिप्यंतर करवून घेण्याचा. ओपनएआयने २०२२ साली खुली केलेली व्हिस्पर ही वाक्-ओळखीची प्रणाली घरच्या संगणकावर चालविता येते. परंतु तिच्या सर्वांत मोठ्या नमुन्यास ग्राफिक्स कार्डावर सुमारे १० जीबी स्मृती लागते. बोलीच्या बाबतीत असे लिप्यंतर पुन्हा ऐकून हाताने तपासावे लागते, हे खरे. तथापि ज्यांचा विषयच यांत्रिक वाक्-ओळख किंवा भाषाप्रतिमानांचे प्रशिक्षण हा आहे, त्यांना असे कार्ड आवश्यक ठरते. एके काळी देवनागरीसाठी जो प्रश्न पडे, तोच येथे निराळ्या रूपाने पुन्हा उभा राहतो: कॅबिनेटमध्ये कार्डास जागा आहे काय, आणि पॉवर सप्लाय त्याचा भार सोसेल काय?

४. गुणदोषांचा विचार

कंपनीच्या संगणकाचा मुख्य गुण म्हणजे तक्रारीसाठी एकच पत्ता असतो. त्याच्यासोबत प्रणालीचा अधिकृत परवानाही बहुधा मिळतो. परंतु ‘घरी येऊन सेवा’ आणि ‘केंद्रात आणून देणे’ ह्या दोन हमींत फार अंतर आहे, आणि सेवाकेंद्र कोल्हापुरात आहे की पुण्यात, ह्यावर त्या हमीचे मोल ठरते. दुसरे असे की, काही कंपन्या स्वतःच्या वेगळ्या मापाचे पॉवर सप्लाय व मदरबोर्ड वापरतात. असा संगणक मुदत संपल्यावर बिघडला, तर बाजारातील भाग त्यात बसत नाही.

संशोधकाने विशेष ध्यानात ठेवावी अशी एक बाब आणखी आहे. हमीच्या मुदतीत डिस्क बदलून दिली जाते तेव्हा जुनी डिस्क सामान्यतः कंपनी ठेवून घेते. त्या डिस्कवर आपण ज्यांचे बोलणे मुद्रित केले, त्यांची नावे, घरगुती प्रसंग, कधी तक्रारी व भांडणेही असतात. ज्यांनी आपल्यावर विश्वासून बोलणे केले, त्यांचे शब्द असे परक्या हाती जाऊ देणे योग्य नव्हे. त्यासाठी डिस्क प्रथमपासून सांकेतिक कुलूप घालून वापरावी. किंवा डिस्क आपल्याकडेच ठेवण्याची तरतूद हमीत आहे काय, हे विचारावे.

जुळणीच्या संगणकाचा मुख्य गुण म्हणजे प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बदलता येतो. आज १६ जीबी रॅम घेऊन दोन वर्षांनी ती वाढविता येते. ग्राफिक्स कार्ड अनुदान मिळाल्यावर बसविता येते. प्रोसेसरची हमी सामान्यतः ३ वर्षांची आणि एसएसडीची पुष्कळदा ३ किंवा ५ वर्षांची असते. ती कंपनीच्या संगणकावरील नेहमीच्या १ वर्षाच्या हमीपेक्षा दीर्घ आहे. दोष पूर्वी सांगितला तोच: दोष नेमका कोणत्या भागात आहे, हे शोधून काढण्याचे काम ग्राहकाच्या गळ्यात पडते. त्यात पॉवर सप्लाय हा जो भाग दिसत नाही, त्यातच पुष्कळदा काटकसर केली जाते. आणि विजेचा दाब कमीअधिक होणाऱ्या ठिकाणी त्याचेच दुखणे इतर भागांना बाधते. शिवाय प्रणाली परवान्यावाचून भरून देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती संशोधकाने स्वीकारू नये. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने जुने भाग घालून स्वस्तात संगणक जुळविताना विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालेल काय, हे पाहिले पाहिजे. लिनक्स हा विनामूल्य पर्याय आहे आणि प्रात व ईलॅन दोन्ही त्यावर चालतात.

कायद्याचा एक आधार येथे सांगण्यासारखा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात ‘उत्पादन-निर्माता’ ह्या संज्ञेच्या व्याख्येत इतरांनी बनविलेले भाग जुळविणाराही अंतर्भूत केलेला आहे. बाजारभाषेने अध्याहृत ठेवलेला कर्ता कायद्याने असा प्रकट केला आहे. मात्र त्याचा उपयोग होण्यासाठी संगणक कोणी जुळविला, ह्याचा लेखी पुरावा हवा. सुट्या भागांची चार दुकानांतील चार बिले म्हणजे असा पुरावा नव्हे.

५. निर्णय

वरील विवेचनावरून निर्णय असा निघतो. ज्याचे काम संहिता व ध्वनिमुद्रण ह्यांपुरते आहे आणि ज्याला यंत्राच्या अंतरंगात रस नाही, त्याने शहरात सेवा मिळणारा, कंपनीचा मध्यम प्रतीचा संगणक घ्यावा. शक्य तर हमीची मुदत ३ वर्षांपर्यंत वाढवून घ्यावी. ज्याला मोठे ग्राफिक्स कार्ड लागणार आहे किंवा अनुदानाप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढ करावयाची आहे, त्याने जुळणीचा घ्यावा. परंतु सर्व भाग एकाच दुकानातून, एका बिलावर, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून आणि जुळणीची जबाबदारी त्या बिलावर नमूद करून घ्यावा. ताब्यात घेण्यापूर्वी रॅमची तपासणी रात्रभर चालवून दाखविण्यास सांगावे. सचोटीचा दुकानदार ह्यास नकार देत नाही. जो देतो, त्याच्याकडे पुढे तक्रार घेऊन जावे लागणार आहे, हे आधीच समजून घ्यावे.

दोन्ही पक्षी यूपीएस आणि दोन वेगळ्या डिस्कांवरील प्रती ह्यांचा खर्च संगणकाच्या किमतीतच धरला पाहिजे. त्यांतील एक प्रत घराबाहेर असावी. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात घराघरांत शिरले, हे आपण जाणतोच. तळमजल्यावर मेजाखाली ठेवलेला संगणक, तो कंपनीचा असो वा जुळणीचा, पुरापुढे सारखाच असहाय असतो. बिघडलेल्या यंत्राच्या जागी दुसरे यंत्र आणता येते. परंतु ऐंशी वर्षांच्या वृद्धेने सांगितलेली कहाणी, तिच्या उच्चारांसह, ती वृद्धा निवर्तल्यावर पुन्हा मुद्रित करता येत नाही. म्हणून संगणकासाठी ठरविलेल्या रकमेतून प्रथम ह्या प्रतींचा व यूपीएसचा खर्च बाजूला काढावा आणि उरलेल्या रकमेत वरील दोहोंपैकी जो संगणक बसेल, तो निःशंकपणे घ्यावा.