दुर्मिळाचे दर्शन

आयुर्वेदात रुग्णपरीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही हाच पाठ निराळ्या शब्दांत पहिल्या दिवसापासून मिळतो. परंतु दुर्मीळ प्राणी पाहण्यासाठी रानावनात जाणाऱ्या डॉक्टरला हा क्रम बदलावा लागतो. तेथे प्रश्न आधी, दर्शन नंतर आणि स्पर्शन पूर्णतः वर्ज्य. गेली अनेक वर्षे दवाखान्यातून सवड मिळेल तशी मी सह्याद्रीतील सदाहरित जंगले, गोव्यातील खाडीकाठ आणि अंदमानचे किनारे हिंडत आलो आहे. त्या भटकंतीत उमगलेले थोडेसे, विशेषतः वर्षासहलीचे बेत आखणाऱ्या आपल्या सभासदांपुढे, ठेवावे असे वाटले.

प्राणी दुर्मीळ असतो म्हणजे नेमके काय? कधी त्याचे वसतिक्षेत्रच अत्यंत लहान असते. कधी क्षेत्र विस्तृत असूनही संख्या विरळ असते. कधी तो आसपासच असतो, पण वर्षातील मोजके दिवस किंवा दिवसातील मोजक्या घटकाच दृष्टीस पडतो. कोणत्या कारणाने तो दुर्मीळ आहे हे ओळखले, म्हणजे त्याला कोठे, केव्हा आणि कसे पाहावे याचे उत्तर निम्मे मिळते.

सड्यावरचा पाहुणा

आम्हा बेळगावकरांना आंबोली परकी नाही. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या घाटमाथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत. उन्हाळाभर तव्यासारख्या तापणाऱ्या या सड्यांवर मृगाच्या सरी कोसळल्या की खळग्याखळग्यांत बोटभर पाणी साचते आणि पिवळ्या पट्ट्यांचा एक चिमुकला भेक तेथे अवतरतो. झँथोफ्राइन टायग्रिना हे त्याचे शास्त्रीय नाव. स्वतंत्र जाती म्हणून त्याचे वर्णन २००९ साली झाले. आंबोली परिसराच्या चिमूटभर क्षेत्रापुरतेच त्याचे अस्तित्व असल्याने जागतिक सूचीत त्याची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात होते.

त्याचे सारे गणित घाईचे आहे. उथळ डबक्यात अंडी घालायची, आणि डबके आटण्यापूर्वी पिल्लांनी शेपटी टाकून जमिनीवर यायचे. म्हणूनच पहिल्या पावसानंतरचे थोडे दिवस त्याच्या दर्शनाचे असतात. नेमके तेच दिवस पर्यटकांच्या झुंडींचेही असतात. सड्यावर चढवलेले वाहन किंवा डबक्यात घातलेला बूट एका क्षणात शेकडो अंडी चिरडतो. रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक चाकांखाली येतात ते वेगळेच.

स्पर्शाविषयी डॉक्टरांना अधिक सांगणे नलगे. बेडकाची त्वचा हे त्याचे श्वसनेंद्रियही आहे आणि पाणी शोषण्याचे साधनही. आपल्या हातावरील डास पळवणारे मलम त्याच्या अंगात सहज उतरू शकते. शिवाय कायट्रिड नावाची बुरशी जगभरातील उभयचरांवर घाला घालीत आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार तिच्यामुळे सुमारे नव्वद जाती नामशेष झाल्या असाव्यात. ओल्या चिखलातून ती एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुणाऱ्या आपल्या मंडळींनी एका जंगलातून दुसऱ्यात जाताना बूट धुऊन वाळवणे हे त्याच शिस्तीचे पुढचे पाऊल होय.

खाडीकाठची लक्षणे

आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते. भरती-ओहोटीचे पाणी आणि खारफुटीची दाट झाडी यांनी तिचे मुख वेढलेले आहे. चोडण बेटावर १९८८ साली स्थापन झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे आहे. येथे पाणमांजर राहते. ते क्वचितच दिसते, पण त्याची चिन्हे मात्र दिसतात. बांधावर माशांचे खवले आणि खेकड्यांच्या कवचांचे तुकडे मिसळलेली विष्ठा आणि चिखलातील ताजे ठसे पाहिले की रुग्ण समोर नसताना केवळ अहवालावरून निदान बांधावे, तसा आनंद होतो.

मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. ही मगर मूलतः गोड्या पाण्यातील, पण येथे ती मचूळ पाण्यात नांदते. शीतरक्ताचा प्राणी असल्याने थंडीच्या दिवसांत, ओहोटीने चिखल उघडा पडला की ती ऊन खात पडते. ओहोटी केव्हा, मगर कोणत्या वळणावर, हे पुस्तकापेक्षा तेथील होडीवाल्याला अधिक ठाऊक असते. म्हणून तेथे प्रश्नाला पहिला मान. फोंडा तालुक्यातील बोरी-दुर्भाट परिसरात पौष महिन्यात मातीची मगर करून पूजतात. या विधीला ‘मानगेथापणी’ म्हणतात. खाजन शेतीच्या बांधावर मगरीशी शेजार करून राहिलेल्या समाजाने तिला भीतीबरोबर मानही दिला. अशा माणसांना विचारल्यावाचून तेथे पाऊल टाकणे हा उद्धटपणाच होय.

बेटावरील रात्र

खाडी सागराला मिळते, आणि सागराचे सर्वांत प्राचीन प्रवासी किनाऱ्यावर येतात ते केवळ अंडी घालण्यासाठी. ऑलिव्ह रिडले कासवे गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे, तर कोकणात वेळास येथे येतात. वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांचे रक्षण केले. मात्र सर्वांत मोठे समुद्री कासव, चर्मपाठी, भारतात पाहायचे तर अंदमान-निकोबारची वाट धरावी लागते. त्याच्या पाठीवर कठीण ढालीऐवजी चिवट कातडे असते आणि वजन कित्येक क्विंटल भरते. ते मुख्यत्वे जेलीफिशवर जगते. प्रचंड देह, चरबीचा थर आणि पायांतील रक्तवाहिन्यांची उष्णता राखणारी रचना यांच्या बळावर थंड पाण्यातही ते शरीर उबदार ठेवते. शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाला भुरळ पडावी असा हा प्राणी.

उत्तर अंदमानातील कालीपूरच्या किनाऱ्यावर रात्री वनकर्मचाऱ्यांच्या मागोमाग चालताना पहिली सूचना मिळाली ती दिवे विझवण्याची. तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वाळूतून निघालेली पिल्ले क्षितिजावरील उजेडाकडे धावतात. नैसर्गिक काळोखात तो उजेड समुद्राचा असतो. विजेरी किंवा हॉटेलचा दिवा दिसला की ती उलट दिशेने जाऊन प्राणास मुकतात. घरट्यातील तापमानावर पिल्लाचे लिंगही ठरते. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या वर वाळू तापली की माद्यांचे प्रमाण वाढते. म्हणजे वाळूचा एक थर इकडचा तिकडे करणे हाही हस्तक्षेपच.

चर्मपाठीच्या निवाऱ्याची स्थिती चिंतेची आहे. ग्रेट निकोबारमधील गलाथिया उपसागर हे त्याच्या विणीचे महत्त्वाचे स्थान. २००४ च्या त्सुनामीने ते किनारे उद्ध्वस्त केले. पुढे वाळू साचली आणि कासवे परतली. २०२१ च्या जानेवारीत तेथील अभयारण्याचा दर्जा काढण्यात आला आणि २०२२ मध्ये बंदरासह मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्सुनामीतून सावरलेले कासव काँक्रीटमधून सावरेल काय, हा प्रश्न आपल्या पिढीपुढे आहे.

आपला वाटा

आपण डॉक्टर रुग्णाचे नाव-गाव गुप्त राखतो. दुर्मीळ प्राण्याचे घरटे किंवा पाणमांजराचे बीळ यांचा अचूक ठावठिकाणा छायाचित्रासह सर्वत्र पोहोचवताना तोच संकोच बाळगावा. यंदा आंबोलीस जाल तेव्हा गाड्या डांबरी रस्त्यावरच ठेवाव्यात, तेथील जाणत्या मार्गदर्शकास सोबत घ्यावे, त्याचा योग्य मोबदला द्यावा आणि मुलांना हात मागे बांधून वाकून पाहायला शिकवावे. काही दिसले नाही तरी हिरमुसू नये. रोग न आढळलेला अहवाल आपण समाधानाने वाचतोच. रान शांत होते, आपल्यामुळे कोणास उपद्रव झाला नाही, एवढी नोंद वहीत करता आली तरी सहल सुफळ झाली असे समजावे.