एका आकड्यावर वाढणारी यंत्रं

अ‍ॅमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली, तेव्हा तिचं पहिलं गोदाम भिवंडीत होतं, सुमारे दीड लाख चौरस फुटांचं. आज मुंबई-नाशिक महामार्गालगत अशी गोदामं हारीने उभी आहेत. दिवाळीच्या सेलची तयारी तिथे कितीतरी आधी सुरू होते. माल भरायचा, जादा माणसं घ्यायची, ट्रक ठरवायचे. ऐन सेलमध्ये मागणी दुप्पट झाली म्हणून गोदामाची भिंत मागे सरकत नाही. भिवंडीच्या यंत्रमागांचंही तेच. जास्त कापड हवं तर माग हवा, जागा हवी, वीज हवी, चालवणारा हात हवा.

गोदामापर्यंत पोचण्याआधी ऑर्डर ज्या संगणकांतून जाते, ते मात्र काही मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. तेही एका फाइलमधला एक आकडा बदलून! याने मला थक्क व्हायला होतं.

गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली कुबर्नेटीज ही प्रणाली घ्या. अनेक संगणकांचा समूह, म्हणजे क्लस्टर, ती सांभाळते. समजा, ऑर्डर घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या दहा प्रती चालू आहेत. फाइलमध्ये १० च्या जागी १८ लिहिलं, की आठ कमी आहेत हे ती स्वतः ताडते आणि जागा असेल त्या यंत्रावर आठ नव्या प्रती सुरू करते. जागाच नसेल, तर दुसरा प्रोग्रॅम यंत्रं भाड्याने देणाऱ्या क्लाउड कंपनीकडे आणखी यंत्रं मागतो. एखादं यंत्र मध्येच बंद पडलं, तर त्यावरच्या प्रती दुसरीकडे उभ्या राहतात. आपण फक्त किती हवं ते लिहायचं.

तो आकडाही माणसाने लिहायला नको. प्रत्येक प्रतीवर ५० टक्के भार असावा असं ठरवलं आणि प्रत्यक्षात तो ९० झाला, तर दहाला ९० ने गुणून ५० ने भागायचं: अठरा! शाळकरी त्रैराशिकच, पण कुबर्नेटीज ते दर १५ सेकंदांनी मांडते. वाढवताना ती चटकन वाढवते. कमी करताना मात्र सहसा पाच मिनिटं थांबते, कारण गर्दी ओसरल्यासारखी वाटून पुन्हा उसळते. सोडलेली यंत्रं दुसऱ्या कुणाच्या कामी येतात, आणि २०१७ पासून अ‍ॅमेझॉन आपल्या क्लाउडवरच्या बहुतेक लिनक्स यंत्रांचं भाडं सेकंदांवर मोजते.

तरीही या त्रैराशिकाला एक मर्यादा आहे. नवं यंत्र जागं व्हायला वेळ लागतो, आणि भार वाढल्यावर धावपळ केली तर उशीर झालेला असतो. हे सर्वांत ठळक दिसलं ते क्रिकेटचे सामने थेट दाखवणाऱ्या हॉटस्टार या अ‍ॅपकडे. जुलै २०१९, विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत विरुद्ध न्यूझीलंड. धोनी खेळत होता आणि एकाच वेळी २ कोटी ५३ लाख जण सामना पाहत होते. प्रेक्षक एका मिनिटात लाखोंनी वाढत असताना प्रोसेसरवरचा भार मोजत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून हॉटस्टारच्या अभियंत्यांनी क्लाउड कंपनीच्या तयार यंत्रणेवर विसंबून न राहता स्वतःची यंत्रणा लिहिली. ती प्रेक्षकसंख्या आणि येणाऱ्या विनंत्या पाहून, पुढच्या लोंढ्याची जागा आधीच राखून ठेवायची.

मग न्यूझीलंडच्या गप्टिलची थेट फेक आली आणि धोनी धावबाद झाला. काही मिनिटांत कोट्यवधी प्रेक्षक निघून गेले. आता यंत्रं कमी करायला हरकत नाही, असं कुणालाही वाटेल. पण व्हिडिओ सोडणारा माणूस ‘मागे’चं बटण दाबतो आणि अ‍ॅपच्या मुख्यपानावर येतो. सामना पाहताना त्या पानाकडे कुणी फिरकत नव्हतं; आता एकदम सगळेच तिथे. व्हिडिओचा भार कोसळत असताना मुख्यपानामागच्या सर्व्हरवर लाट आदळते. म्हणून ते सर्व्हर सामना रंगात असतानाच, रिकामे दिसत असले तरी, वाढवून ठेवावे लागतात.