एक स्पेस आणि कूर्गचे फोटो

आजचा विषय छोटा आहे, पण मला तो महागात पडलाय.

बेंगळुरूच्या घरी माझ्या संगणकावर लिनक्स आहे. निवृत्तीनंतर पायथन शिकलो आणि फोटो आवरायला एक स्क्रिप्ट लिहिली. दोन फोल्डर होते. 'कूर्ग' म्हणजे निवडून ठेवलेले फोटो, 'कूर्ग जुने' म्हणजे टाकून द्यायचे. फोल्डर पुसणाऱ्या 'आरएम -आर' या कमांडला मी नाव नुसतं जोडलं आणि ती ओळ 'ओएस डॉट सिस्टिम'कडे दिली. ती गेली शेलकडे. शेल रिकाम्या जागेवर शब्द तोडतो, त्यामुळे त्याने दोन नावं वाचली: 'कूर्ग' आणि 'जुने'. 'कूर्ग' पुसलं. 'जुने' सापडलं नाही. टाकायचे फोटो मात्र जागच्या जागी! आईबरोबरची ती शेवटची सहल. मुलीच्या फोनमध्ये ११ फोटो निघाले, तेवढेच उरले.

यात शेलचा दोष नाही. रिकामी जागा, अर्धविराम, डॉलरचं चिन्ह ही त्याची भाषाच आहे. अर्धविरामानंतर तो नवी कमांड सुरू झाली असं धरतो. म्हणून नाव बाहेरच्या माणसाकडून, समजा वेबसाइटवरच्या फॉर्ममधून, येत असेल, तर तो त्या नावातच स्वतःची कमांड दडवू शकतो. आमच्या भाषेत, आपल्याच वायरलेसवर शत्रू हुकूम देऊ लागला.

तेव्हा शेलला मधून काढा. २०१५ साली आलेल्या पायथन ३.५ पासून 'सबप्रोसेस डॉट रन' आहे. त्याला सलग ओळ न देता सुट्या शब्दांची यादी द्यायची: 'आरएम', '-आर', '--' आणि फोल्डरचं नाव. नावात काहीही असो, ते एकच नाव राहतं. त्या दोन रेघा कशाला? नावच रेघेने सुरू झालं तर 'आरएम' त्याला पर्याय समजेल, म्हणून. 'शेल=ट्रू' हे नेटवरच्या उत्तरांत सर्रास दिसतं; उचलू नका. लिनक्सवर शेल अगदी लागणारच असेल तर बाहेरून आलेलं प्रत्येक नाव 'एसएचलेक्स डॉट कोट'मधून काढा.

'चेक=ट्रू' मात्र लिहाच. माझ्या वेळी 'आरएम'ने चूक कळवली होती, स्क्रिप्टने ती तपासलीच नाही आणि पडद्यावर 'काम झालं' असं छापलं. अडकून बसू शकणाऱ्या कमांडला 'टाइमआउट'ही द्या.

खरं तर फोल्डर पुसायला बाहेरची कमांड लागतच नाही, पायथनमध्येच 'एसएचयूटिल डॉट आरएमट्री' आहे. माझी स्क्रिप्ट आता तेही वापरत नाही. ती सगळं 'कचरा' फोल्डरमध्ये हलवते, आणि रविवारी चहा घेत, एकेक फोटो बघून, मी स्वतः तो रिकामा करतो.