घड्याळाच्या कडेवरचे आकडे

ज्या घड्याळात स्टॉपवॉचही असते त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. हाउसमध्ये कुणी वडिलांचे किंवा काकांचे असे घड्याळ आणले की प्रत्येक जण ते मनगटावर चढवून बघतो. पण त्याच्या कडेवर 500, 400, 300 असे उतरत 60 पर्यंत येणारे आकडे कशासाठी, असे विचारले की उत्तर मिळते, "डिझाइन आहे." मित्रांनो, ते डिझाइन नाही. तो टॅकीमीटर आहे आणि त्याला एकच काम येते: 3600 ला सेकंदांनी भागणे.

तासाचे सेकंद 3600. गाडीने एक किलोमीटर 36 सेकंदांत कापला, तर त्याच वेगाने तासात 100 किलोमीटर होतील. म्हणून 36 सेकंदांच्या जागी कडेवर 100 लिहिलेले असते. 30 च्या जागी 120, 45 च्या जागी 80. भागाकार आधीच करून ठेवला आहे, आपण फक्त वाचायचे.

सुट्टीत घरी जाताना रेल्वेत करून बघा. रुळाच्या कडेला किलोमीटरच्या पाट्या असतात. एक पाटी खिडकीच्या चौकटीशी आली की वरचे बटण दाबा, पुढची पाटी त्याच चौकटीशी आली की पुन्हा दाबा. मधला लांब काटा जिथे थांबेल तो गाडीचा वेग. (हा काटा स्टॉपवॉचचा असतो. रोजचे सेकंद बहुतेक घड्याळांत छोट्या तबकडीत मोजले जातात. नवशिके इथेच गोंधळतात.) गाडी मध्येच हळू झाली तर घड्याळाला ते कळत नाही, ते सरासरीच सांगते. शिवाय वेग जितका जास्त, तितकी बोटाची चूक महाग पडते. 45 ऐवजी 46 सेकंद मोजले तर 80 चे 78 होतात, पण 10 ऐवजी 11 मोजले तर 360 चे 327!

1957 मध्ये ओमेगाने स्पीडमास्टर काढले आणि ही पट्टी तबकडीवरून उचलून बाहेरच्या कड्यावर नेली. घड्याळ मोटार शर्यतींसाठी होते, पण पोहोचले चंद्रावर. तिथे किलोमीटरचे दगड कुठले! 1970 मध्ये अपोलो 13 च्या परतीच्या प्रवासात इंजिन 14 सेकंद चालवायचे होते, तेव्हा कामी आले ते स्टॉपवॉच, टॅकीमीटर नव्हे.

आपल्याला खरा उपयोग क्रॉस कंट्रीच्या सरावात आहे. धावणारा माणूस एक किलोमीटर 60 सेकंदांत काही जात नाही, आणि काटा दुसऱ्या फेरीत गेला की कडेवरचे आकडे खोटे ठरतात. उपाय सोपा: अंतर कमी करा. ट्रॅकवर 200 मीटर मोजा आणि आलेल्या आकड्याला 5 ने भागा. 48 सेकंद लागले तर काटा 75 वर, म्हणजे ताशी 15 किलोमीटर. या वेगाने 5 किलोमीटर बरोबर 20 मिनिटांत होतात. आता ज्याचे लक्ष्य 20 मिनिटे आहे, तोच पहिले 200 मीटर 40 सेकंदांत पळाला तर काटा 90 दाखवेल, म्हणजे ताशी 18. ज्युनिअर्स शिट्टी वाजताच असेच सुटतात आणि तिसऱ्या किलोमीटरला पोट धरून चालू लागतात. ही उधळपट्टी पहिल्या मिनिटातच पकडता येते. माझ्या मते टॅकीमीटरचा याहून चांगला उपयोग आपल्या ग्राउंडवर दुसरा नाही.

अंतरच मोजायला हवे असेही नाही. कोणतेही एक काम किती सेकंदांत झाले ते मोजा, तासाला किती होतील ते काटा सांगेल. मेसमध्ये एक चपाती 18 सेकंदांत लाटून होत असेल, तर तासाला 200. तीनशे कॅडेट, प्रत्येकी चार चपात्या, म्हणजे 1200. एकट्याला सहा तास लागतील, तिघांना दोन.