विश्लेषण : बिबट्याला बेशुद्ध करणारी बंदूक कशी चालते? नेम लागूनही ती कधी फसते?

डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब वसाहतीत एक बिबट्या बालवाडीच्या आवारात शिरला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, मुलुंड पूर्वेच्या नानेपाड्यात शिरलेल्या बिबट्याने काही रहिवाशांना जखमी केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यात मॉलच्या परिसरात दिसलेला बिबट्या जवळच्या हॉटेलच्या तळघरात सापडला. तिन्ही वेळा वन विभागाच्या पथकाने गुंगीचे औषध देऊन त्याला पकडले. तिन्ही वेळा रहिवाशांचा प्रश्नही एकच होता : बंदूक हातात असताना एवढा वेळ का लागतो? त्याचे उत्तर या बंदुकीच्या रचनेतच आहे.

ही बंदूक शिकारीच्या रायफलपेक्षा वेगळी कशी?

दुरून पाहिले तर दोन्ही सारख्याच दिसतात. खांद्याला टेकवायचा दस्ता, लांब नळी, नेम धरण्यासाठी दुर्बीण. पण शिकारीच्या रायफलमध्ये काडतुसातली दारू पेटते आणि गोळी सेकंदाला साधारण ७०० ते ९०० मीटर वेगाने बाहेर पडते. बेशुद्धीकरणाच्या बंदुकीत दारू नसते. भारतात वन विभागाकडे सर्रास दिसणाऱ्या डॅन-इंजेक्ट या डॅनिश बनावटीच्या बंदुका कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबावर चालतात. त्यातून गोळी नव्हे, तर औषध भरलेली सिरिंज सुटते. तिला डार्ट म्हणतात. तिचा वेग सहसा सेकंदाला शंभर मीटरही नसतो.

हा वेग मुद्दामच कमी ठेवलेला असतो. सुई स्नायूत रुतली पाहिजे, पण हाड मोडता कामा नये. न्यूझीलंडमधील औषधनिर्माते आणि पशुवैद्यक कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात अशा बंदुकीची कल्पना विकसित केली. प्राण्याला इजा न करता लांबून औषध देणे हाच तेव्हाही हेतू होता.

डार्टच्या आत काय असते?

डार्ट म्हणजे प्लास्टिकची हलकी नळी. तिचे दोन कप्पे असतात. पुढच्या कप्प्यात औषध आणि मागच्या कप्प्यात दाबाने भरलेली हवा. मध्ये दट्ट्या. सुईचे टोक बंद असते, छिद्र तिच्या बाजूला असते आणि त्यावर सिलिकॉनची छोटी टोपी घट्ट बसवलेली असते. सुई कातडीत शिरली की टोपी मागे सरकते, छिद्र उघडते आणि मागची हवा दट्ट्याला ढकलून औषध स्नायूत सोडते. शेपटीला लावलेला रंगीत गोंडा डार्ट हवेत सरळ ठेवतो आणि नंतर डार्ट शोधायलाही उपयोगी पडतो.

किती अंतरासाठी किती दाब, याचा तक्ता ठरलेला असतो. अंतर मोजायचे, दाबमापकावर दाब लावायचा आणि मग चाप ओढायचा. बिबट्यासारख्या प्राण्यासाठी १० ते ३० मीटरचे अंतर सोयीचे मानले जाते. नेम खांद्यावर किंवा मांडीच्या जाड स्नायूवर धरतात. डोके, छाती आणि पोट टाळले जाते.

नेम लागूनही औषध का चढत नाही?

सिनेमात डार्ट लागताच प्राणी कोसळतो. प्रत्यक्षात नेम अचूक असूनही काम फसू शकते. कारणे साधी, पण अनेक आहेत.

सिलिकॉनची टोपी सैल बसली असेल तर औषध आधीच गळून जाते. फार घट्ट बसली तर ती सरकतच नाही. मागच्या कप्प्यात हवा नीट भरली नसेल किंवा आतली रबरी रिंग झिजली असेल, तर दट्ट्या अर्ध्यावर अडकतो आणि औषध अर्धेच जाते. कातडीचा तुकडा छिद्रात अडकला तरी तसेच होते. दाब जास्त झाला तर डार्ट आपटून उसळी घेतो, कमी झाला तर वाटेतच खाली येतो. सिलिंडरमधून वायू गळत असेल किंवा हवा थंड असेल, तर दाब घटतो. प्रवासात दुर्बिणीला धक्का बसला असेल तर नेमच सरकतो.

म्हणून तयार पथक आधीच काही गोष्टी तपासते. औषधाऐवजी पाणी भरून डार्ट पूर्ण रिकामा होतो का, हे पाहिले जाते. रिंगा बदलल्या जातात, सरावाच्या डार्टने वेगवेगळ्या अंतरांवर नेम जुळवला जातो. डार्ट मारल्यावर तो परत मिळवून किती औषध आत गेले, हेही पाहतात. अर्धवट गुंगीतल्या बिबट्याजवळ जाणे सर्वांत धोक्याचे असते. तो झोपलेला दिसतो, पण आवाजाने उठू शकतो.

औषधाला वेळ किती लागतो?

बिबट्यासाठी बहुधा झायलाझीन आणि केटामाइन यांचे मिश्रण वापरतात. मात्रा वजनावर ठरते, पण बिबट्याला आधी काट्यावर उभे करता येत नाही. मादी आहे की नर, पिल्लू आहे की पूर्ण वाढलेला, उपाशी आहे का, याचा अंदाज पशुवैद्यकाला लांबूनच करावा लागतो. मात्रा कमी पडली तर प्राणी उठतो, जास्त झाली तर त्याचा श्वास मंदावतो.

औषध स्नायूतून रक्तात उतरायला साधारण ५ ते १५ मिनिटे लागतात. प्राणी घाबरलेला, चिडलेला असेल तर आणखी वेळ लागतो, कधी दुसरा डार्ट द्यावा लागतो. या काही मिनिटांत तो कुठे जाईल, हाच खरा प्रश्न असतो. विहीर किंवा नाला जवळ असेल तर बुडण्याची भीती, झाडावर असेल तर पडण्याची, रस्ता जवळ असेल तर वाहनाखाली येण्याची. म्हणून मोकळ्यावर फिरणाऱ्या बिबट्याला डार्ट मारणे शक्यतो टाळतात. तो खोलीत, जिन्याखाली किंवा तळघरात अडकला, वाटा बंद झाल्या आणि आजूबाजूची माणसे हटली, की मगच बंदूक बाहेर येते.

बेशुद्ध झाल्यावरही काम संपत नाही. डोळे उघडे राहतात, म्हणून मलम घालून ते झाकतात. मुंबईच्या उकाड्यात शरीराचे तापमान झपाट्याने वाढते, त्यामुळे सावली आणि पाणी लागते. पिंजऱ्यात ठेवल्यावर झायलाझीनचा असर उतरवणारे योहिम्बीनसारखे औषध दिले जाते. केटामाइनवर असा उतारा नसतो.

मग सरळ गोळी का घालत नाहीत?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार बिबट्या अनुसूची १ मध्ये येतो. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबर पकडणे आणि सापळा लावणेही येते. कलम ११ नुसार मानवी जिवाला धोका असेल किंवा प्राणी बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असेल, तेव्हाच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. तीही प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी त्यांची खात्री झाल्यावरच.

पकडून दूर सोडणे हा तरी उपाय आहे का?

सहसा नाही. जुन्नर वन विभागात २००१ ते २००३ दरम्यान पकडलेले बिबटे दूर सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, तोपर्यंत वर्षाला सरासरी ४ असणारे माणसांवरील हल्ले या काळात सरासरी १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेला बिबट्या माणसांच्या वस्तीत जास्त अडखळतो. २००४ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती झालेल्या जीवघेण्या हल्ल्यांमागेही, बाहेरून आणून सोडलेले बिबटे हे एक कारण मानले जाते. त्यानंतर वन विभागाचा भर लोकांना सोबत घेण्यावर आला. २०११ मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला, तर त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मानव-बिबट्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या.

उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. बोरिवली, गोरेगाव, भांडुप, मुलुंड आणि ठाणे त्याला चिकटून आहेत. कॅमेरा ट्रॅपच्या पाहणीत २०१५ मध्ये उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे नोंदवले गेले होते, २०२४ च्या पाहणीत तुंगारेश्वरसह या पट्ट्यात ५४. एक बिबट्या पकडून नेला तरी त्याची जागा रिकामी राहत नाही. उघड्यावरचा कचरा भटके कुत्रे ओढतो आणि कुत्रे बिबट्याला. हा दुवा तुटला नाही तर डार्टचा उपयोग त्या दिवसापुरताच.

रहिवाशांनी नेमके काय करावे?

बिबट्या दिसला की वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना कळवावे. तो इमारतीत शिरला असेल तर शक्य तेवढे दरवाजे बाहेरून बंद करून, लहान मुलांना घेऊन घरातच थांबावे. त्याला घेरू नये, दगड मारू नयेत, फटाके लावू नयेत, मोबाइलवर चित्रीकरणासाठी पुढे जाऊ नये. पळायला वाट नसलेला बिबट्या समोर येईल त्याच्यावर झेपावतो आणि पथकाची वाहने गर्दीत अडकतात. डार्ट लागल्यानंतरची पंधरा मिनिटे तर पूर्ण शांतता हवी. रिंग झिजली तर बदलता येते, दाब चुकला तर पुन्हा लावता येतो. गर्दी हटवायला मात्र रहिवाशांचीच साथ लागते.