कधीही या, पण खुर्च्या तेवढ्याच

फर्दापुरात दुपारच्या जेवणाची वेळ घड्याळ ठरवत नाही, अजिंठ्याची लेणी ठरवतात. गाड्या टी-पॉइंटला लावून माणसं एसटीच्या बसने चारेक किलोमीटर आत जातात, पायऱ्या चढून-उतरून गुडघे बोलायला लागले की त्याच बसने परत येतात. त्यामुळे इथलं गिऱ्हाईक एकेकटं येत नाही; बस रिकामी झाली की घोळक्याने येतं. टूरवाल्याचा फोन मात्र सकाळीच आलेला असतो: ‘चाळीस जण, दीड वाजता, त्यात सहा जैन.’ मग हॉटेलवाला टेबलं जोडतो, पाण्याचे जग भरून ठेवतो आणि पोऱ्याला सांगतो, इथे कुणाला बसू द्यायचं नाही. एक वीसला जळगावकडून आलेलं पाच जणांचं कुटुंब आत शिरतं. समोर अर्धा हॉल रिकामा आणि उत्तर मिळतं, ‘जरा थांबावं लागेल.’ ‘अहो, रिकामं तर दिसतंय!’ पाहुण्याचा राग खरा आणि हॉटेलवाल्याची अडचणही खरी. आधी सांगून आलेल्यांची जागा राखायची की दारात उभ्या असलेल्याला बसवायचं, हा तो पेच.

समुद्राशी काडीचा संबंध नसलेल्या गावातला हा पेच क्रूझ जहाजावर रोज संध्याकाळी पडतो. फरक इतकाच की तिथे चाळिसांच्या जागी दोन-तीन हजार माणसं असतात आणि चिडून दुसऱ्या गावात जेवायला जायची सोय नसते. आता मराठी घरांतही हे जेवण नवलाईचं राहिलेलं नाही. २००५मध्ये स्टार क्रूझेसचं ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईहून फेऱ्या करू लागलं. २०२१पासून कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे निघतं. सिंगापूर, अलास्का, भूमध्य समुद्र अशा टूरवर जाणारी मंडळी वेगळीच. अनेक परदेशी कंपन्यांच्या बुकिंगच्या वेळी एक प्रश्न येतो: रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी की सोयीच्या वेळी? बहुतेक जण ‘सोयीच्या’वर खूण करून मोकळे होतात. सोय कुणाला नको असते? पण ही सोय नेमकी कशी चालते, ते माहीत असलं तर निवड डोळसपणे होते.

आधी जुनी पद्धत. मोठ्या जहाजाच्या मुख्य भोजनगृहात सगळे प्रवासी एका वेळी मावत नाहीत. साधारण निम्मे बसतील एवढ्याच खुर्च्या असतात. म्हणून दोन पंगती. पहिली सहाच्या सुमाराला, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. तुमची पंगत आणि टेबलाचा नंबर केबिनच्या कार्डावर छापलेला असतो. पूर्ण सफरभर तेच टेबल, तोच वेटर, त्याचा तोच मदतनीस आणि शेजारी तीच माणसं. नाटक-गाण्याचे कार्यक्रमही याच हिशेबाने दोनदा होतात: पहिली पंगत जेवून खेळ बघायला जाते, दुसरी खेळ बघून जेवायला येते. जहाजावरच्या गर्दीचे दोन भाग करून ते संध्याकाळभर आलटूनपालटून हलवायचे, असं ते यंत्र आहे. ते चोख चालतं, पण त्याला माणसाची भूक कळत नाही. बंदरावर भटकून सातला परत आलेल्याची पहिली पंगत हुकते, आणि लहान मूल साडेआठच्या सूपवर मान टाकतं.

मनाला येईल तेव्हा जेवायची चैन जहाजांना अगदीच अनोळखी नव्हती. १९०५मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर रिट्झच्या नावाचं वेगळं उपाहारगृह होतं. जादा पैसे मोजा, हवं तेव्हा या, हवं ते मागवा. १९१२च्या ‘टायटॅनिक’वरही तसंच एक होतं. पण ती सोय वरच्या वर्गातल्या श्रीमंतांपुरती होती. सर्वसामान्य प्रवाशाच्या तिकिटात ती आणली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने, २००० साली, ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ या नावाने. ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, कोट-टायची सक्तीही नाही. त्याच वर्षी ही कंपनी आशियातल्या स्टार क्रूझेसच्या ताब्यात गेली होती, म्हणजे पुढे मुंबईला ‘लिब्रा’ आणणाऱ्यांच्याच. मग बाकीच्यांनीही आपापल्या नावांनी तीच वाट धरली. प्रिन्सेसची ‘पर्सनल चॉइस’, रॉयल कॅरिबियनची ‘माय टाइम’, कार्निव्हलची ‘युअर टाइम’. बहुतेकांनी जुनी पद्धत मोडली नाही, तिच्या शेजारी नवी मांडली. एक भोजनगृह किंवा त्याचा एक मजला ठरलेल्या पंगतींना, दुसरा सोयीने येणाऱ्यांना.

आता गंमत हिशेबात आहे. समजा, सोयीची वेळ निवडलेले प्रवासी १,२०० आणि त्यांच्या वाट्याच्या खुर्च्या ५००. दार साडेपाच ते साडेनऊ उघडं, म्हणजे चार तास. सूप, मुख्य पदार्थ, गोड आणि गप्पा धरून एका जेवणाला दीड तास. कागदावर एक खुर्ची अडीचपेक्षा थोडी जास्त वेळा भरून निघते आणि १,३००पेक्षा जास्त माणसं जेवू शकतात. म्हणजे जागा पुरून उरते! पण माणसं कागदावरच्यासारखी सारख्या अंतराने येत नाहीत. निम्म्यांना सात ते साडेसातच्या दरम्यानच भूक लागते. त्या अर्ध्या तासात दारात ६०० माणसं आणि आत ५०० खुर्च्या, त्यातल्याही कित्येकांवर सव्वासहाला बसलेले लोक अजून गोड यायची वाट बघत असतात. शिवाय चारच्या टेबलावर तिघं बसले की एक खुर्ची फुकट जाते.

थोडक्यात, ‘कधीही या’ म्हटल्याने जहाजावर एकही खुर्ची वाढत नाही. जुन्या पद्धतीत गर्दीची वाटणी सफर सुरू होण्याआधीच कागदावर होते. नव्या पद्धतीत ती दर संध्याकाळी दारात करावी लागते. म्हणून सोयीच्या भोजनगृहात सगळ्यात महत्त्वाचा माणूस आचारी नसून दारातल्या डेस्कामागे उभा असलेला असतो.

त्याच्यासमोर पडद्यावर सगळ्या टेबलांचा नकाशा असतो. कुठलं रिकामं, कुठे मुख्य पदार्थ गेला, कुठे कॉफी चालू आहे. तुम्ही कार्ड पुढे करता, तो विचारतो: किती जण? दुसऱ्यांबरोबर बसायला चालेल? या दुसऱ्या प्रश्नावर तुमची रांग ठरते. ‘चालेल’ म्हणणाऱ्या जोडप्याला आठजणांच्या टेबलावरच्या शेवटच्या दोन खुर्च्या लगेच मिळतात. ‘आम्हा दोघांनाच’ म्हणणाऱ्याला थांबावं लागतं, कारण दोघांच्या टेबलांना सगळ्यात जास्त मागणी असते. अशी टेबलं जास्त मावावीत म्हणून काही जहाजांवर ती इतकी चिकटून मांडतात, की शेजारच्या जोडप्याचं भांडण आपल्याला मीठ मागता मागता ऐकू येतं. वेगळं टेबल ते नावालाच.

टेबल नसेल तर हातात पेजर देतात. तो थरथरला की परत यायचं. आता बऱ्याच कंपन्यांचं हे काम मोबाइलवरच्या ॲपने होतं: डेकवर बसूनच नोंद करा, टेबल तयार झालं की निरोप येतो. नॉर्वेजियनने तर जहाजभर पडदे लावून कुठल्या उपाहारगृहात किती गर्दी आहे ते दाखवायला सुरुवात केली. रांग नाहीशी झालेली नाही, फक्त दारातून उठून खिशात गेली आहे. उभं राहण्यापेक्षा हे बरं, यात वाद नाही.

रिकामं टेबल समोर दिसत असूनही थांबवतात, त्याला आणखी एक कारण असतं. हॉलचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भाग एका वेटर-मदतनीस जोडीकडे असतो. एकाच जोडीच्या तीन टेबलांवर एकदम माणसं बसवली तर तिन्हीकडे पाव, पाणी, ऑर्डर एकाच वेळी लागते आणि तिघांचंही जेवण रखडतं. म्हणून डेस्कावरचा माणूस भाग फिरवत बसवतो: एक टेबल इकडे, पुढचं पलीकडे. स्वयंपाकघरालाही हेच हवं असतं. ठरलेल्या पंगतीत शेकडो पानं एकदम वाढायची असतात. आधीच्या सफरींच्या नोंदींवरून कुठल्या रात्री कोळंबी किती जाईल, मांस किती, याचा अंदाज बांधून सगळं जवळपास तयार ठेवता येतं. सोयीच्या वेळी मागण्या पाऊस सुरू व्हावा तशा येतात, आधी तुरळक, मग एकदम. तिथे चुली चार तास सतत पेटत्या ठेवाव्या लागतात.

पैशांचीही घडी बदलली. ठरलेल्या टेबलाच्या काळात शेवटच्या रात्री वेटरच्या हातात पाकीट द्यायची रीत होती. आठवडाभर त्यानेच वाढलं, त्यालाच टिप. रोज वेगळा वेटर वाढू लागल्यावर पाकीट कुणाला द्यायचं? म्हणून दर दिवशी दर माणशी ठरावीक रक्कम खात्यावर चढवायची आणि ती कर्मचाऱ्यांत वाटायची, ही पद्धत रुळली. बिल बघून चमकणाऱ्यांनी बुकिंगच्या कागदावर हे आधीच वाचून ठेवावं.

सगळी मोकळीक सगळ्यांना झेपतेच असं नाही. २०१४मध्ये रॉयल कॅरिबियनने ‘क्वांटम ऑफ द सीज’ हे नवं जहाज आणलं, तेव्हा मुख्य भोजनगृहाचे चार वेगळे भाग केले, चौघांचा मेन्यू निराळा आणि ठरलेलं टेबल नाही. कागदावर हौस होती. प्रत्यक्षात रोजचं आरक्षण, रोजची वाट आणि रोजचा नवा वेटर यांनी प्रवासी वैतागले. थोड्याच काळात कंपनी पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळली. डिस्नेने १९९८मध्ये पहिल्या जहाजापासूनच वेगळी युक्ती काढली होती. जेवणाची वेळ ठरलेली, पण जागा रोज वेगळी, आणि वेटर तुमच्याबरोबरच एका भोजनगृहातून दुसऱ्यात जातो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारांतला हा सर्वांत शहाणा. माणसाला बदल हवा असतो तो भिंतींचा आणि पदार्थांचा. आपल्याला तिखट किती लागतं हे ओळखणारा माणूस रोज बदललेला कुणाला आवडत नाही.

मराठी कुटुंबाने काय निवडावं, याचं उत्तर ताटात काय हवं यावर बरंच अवलंबून आहे. शाकाहारी, त्यातही कांदा-लसूण नको असेल, तर ते बुकिंगच्या वेळीच कळवावं आणि पहिल्या दिवशी भोजनगृहाच्या मुख्य व्यवस्थापकाला भेटून पक्कं करावं. ठरलेलं टेबल असलं की दुसऱ्या रात्रीपासून वेटर स्वतःच उद्याचा मेन्यू आणून विचारतो, ‘उद्या काय करू?’ आणि निरोप आदल्या रात्रीच आत पोचतो. सोयीच्या वेळेत ही नोंद कार्डावर असली तरी नव्या वेटरला पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि वरणासारखं काही आयत्या वेळी मागितलं तर मिळेलच असं नाही. दहा-बारा जणांचा गोतावळा असेल तर ठरलेली पंगतच बरी. एवढं टेबल सातच्या गर्दीत रिकामं सापडणं कठीण.

दोघंच असाल, रोज बंदरावर उतरून उशिरा परतणार असाल, किंवा बरोबर लहान मूल असेल, तर सोयीची वेळ घ्या, पण सातला जाऊ नका. पावणेसहाला किंवा साडेआठनंतर गेलात तर दारातला माणूसही खुशीत असतो. एक मधला मार्गही आहे: एखाद्या वेटरशी सूत जुळलं, तर त्याच्याच भागातलं टेबल रोज एकाच वेळी राखून ठेवायला सांगता येतं, जमलं तर बऱ्याच जहाजांवर करतात. दार साडेनऊच्या सुमाराला बंद होतं, हे मात्र विसरू नये. त्यानंतर बुफे किंवा केबिनमध्ये मागवलेलं सँडविच.

ठरलेली वेळ बदलून हवी असेल तर जहाजावर चढल्याबरोबर, पहिल्याच दुपारी, भोजनगृहाच्या दाराशी जावं. तेव्हा तिथे बदल मागणाऱ्यांची रांग लागलेलीच असते आणि न आलेल्या प्रवाशांच्या जागा हाताशी असतात. आणि शेवटच्या रात्री जरा लवकर जेवून घ्यावं: मोठ्या बॅगा भरून, पट्टी लावून रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे त्या दिवशी नेहमी नवाला येणारेही सव्वासहालाच दारात उभे असतात.